पूर्णविरामापर्यंत वाचलेला नियम

मित्रांनो, माझे पूर्ण नाव एका दमात कोणालाच घेता येत नाही. 'न्यायालयीन कार्यपद्धती आणि पुरावा यांविषयीचे नियम, दुरुस्त्यांसह' असे ते भारदस्त नाव आहे. पण माझी बांधणी लाल कापडाची, म्हणून वकील मंडळी मला नुसते 'लाल्या' म्हणत. मी एक जुना नियमग्रंथ आहे. माझ्या पानांत राजा नाही, राणी नाही, बोलणारा पोपटसुद्धा नाही. तरीही माझ्या आयुष्यात दोन बहिणी येऊन गेल्या, आणि त्यांची गोष्ट तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे शिशाच्या अक्षरखिळ्यांचे खण होते, शाईचा उग्र वास होता आणि यंत्राची दिवसभर खडखड चाले. माझी अक्षरे जुळवणारा माणूस चष्मा कपाळावर सरकवून शेजाऱ्याला म्हणाला होता, "काय रे हे पुस्तक! सगळीकडं नुसतं 'असेल', 'राहील' आणि 'समजले जाईल'. 'झालं' असं एकदाही नाही."

त्याचे खरेच होते. गोष्टीच्या पुस्तकात झालेले असते. माझ्यात, उद्या कोणावर काय वेळ येईल आणि तेव्हा कसे वागायचे, ते असते. न्यायालयात आधी कोणी बोलायचे, नंतर कोणी. कागद केव्हा दाखल करायचा. साक्षीदाराला काय विचारता येते, काय येत नाही. पाहिलेले खरे धरायचे की ऐकलेलेही चालते. तुमच्या खेळाला नियम असतात ना, तसेच हे. फरक इतकाच की खेळात हरलेला संध्याकाळी घरी जातो. इथे कधीकधी घरच हरते.

छापखान्यातून मी आलो तो थेट न्यायालयाच्या वाचनालयात. तळमजल्यावरची लांबट खोली, उंच खिडक्या, मधोमध एक मोठे टेबल, आणि दारावर पाटी: 'सर्वांसाठी खुले'. ती पाटी वाचूनही सर्वसामान्य माणसे आत यायला बिचकत. दारातून डोकावत, काळे कोट बघत आणि पाय मागे घेत.

वाचनालय सांभाळणाऱ्या ग्रंथपाल बाईंना सगळे डिंकबाई म्हणत. त्यांच्या टेबलावर डिंकाची बाटली कायम उघडी असे. नियम हे दगडावरची रेघ नव्हेत, मित्रांनो. ते बदलतात. एखादा शब्द जातो, एखादे वाक्य वाढते. असा बदल झाला की वरून छापील चिठ्ठी येई. मग डिंकबाई ती कात्रीने नीट कापत, माझे योग्य ते पान शोधत आणि जुन्या ओळीच्या शेजारी अशी चिकटवत की खालचे अक्षरही झाकले जाऊ नये. वर बारीक अक्षरात तारीख लिहीत.

"एवढं डोळ्यांत तेल घालून कशाला करता, बाई?" शिपाई त्यांना विचारी. "या चिठ्ठ्या वाचतं कोण?"

"ज्याला लागेल तो वाचेल," त्या म्हणत आणि माझ्यावर वजन ठेवून डिंक वाळवत.

माझी ती वर्षे कामाची होती. सकाळपासून मला हात लागत. कोणी बोट जिभेला लावून पाने उलटी, कोणी कोपरे दुमडी. एका महाशयांनी तर ब्लेडने माझे एक पान कापून खिशात घातले. ते लक्षात आले त्या दिवशी डिंकबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. त्यांनी दुसऱ्या न्यायालयातून ते पान हाताने उतरवून आणले आणि माझ्यात चिकटवले. माणसाला टाके घालतात तसे. आजही ते एक पान निळ्या शाईचे आहे.

तर अशा एका दुपारी त्या दोघी बहिणी आल्या.

थोरली पुढे होती. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद. तिच्या मागे धाकटी, शांत, मनगटांपर्यंत हातांना पिठाचा अंश राहिलेली. दोघी एका बेकरीत कामाला होत्या. थोरली गिऱ्हाइकांशी बोले, आणि धाकटी आत भट्टीवर असे. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हते आणि त्यामुळे बोलताही येत नव्हते. शाळेचे तोंडही तिने पाहिले नव्हते. तिची भाषा म्हणजे तिचे हात.

थोरली टेबलाजवळ आली आणि वाचनालयात बोलू नये तेवढ्या आवाजात बोलली, "बाई, ज्या बाईला बोलता येत नाही, तिनंच बोललं पाहिजे, असा नियम कोणत्या पुस्तकात आहे? मला तो बघायचाय."

वकिलांनी माना वर केल्या. डिंकबाईंनी मात्र खुर्ची पुढे केली. "आधी बसा. पाणी घ्या. मग सांगा काय झालं ते."

झाले होते ते असे. धाकटीचा नवरा अपघातात गेला. पदरात तीन वर्षांची मुलगी होती. तिच्या गालावर तीळ होता, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणत. पुढे धाकटीला मोठ्या तापाने धरले आणि तिला दवाखान्यात ठेवावे लागले. तेव्हा तिचा दीर आणि जाऊ ठिपकीला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी पोरीचे अगदी फुलासारखे केले. धाकटी बरी होऊन मुलीला आणायला गेली, तेव्हा दीर दारातच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, दवाखान्यात तुम्हीच तर खुणेनं सांगितलंत की हिला घेऊन जा, ही तुमची झाली. आता आम्ही कशी देऊ?"

"खोटं!" थोरली म्हणाली. "'मी बरी होईपर्यंत सांभाळा', असं ती म्हणाली होती. मला तिनं नंतर शंभरदा सांगितलंय. तेच मी आज न्यायाधीश साहेबांना सांगायला लागले, तर ते विचारतात, तुम्ही तेव्हा खोलीत होतात का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग हे तुम्ही पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. जिनं सांगितलं तिनंच इथं येऊन सांगायला हवं. अहो, ती जन्माला आली तेव्हापासून तिचं तोंड मी आहे! आता तिनं कुठून सांगायचं?"

डिंकबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते. नियम कुठे आहे ते मी दाखवू शकते. त्याचा तुमच्या बाबतीत अर्थ काय, ते सांगायचा मला अधिकार नाही. ते वकिलांचं काम."

"वकील कुठला आणू? मला वाचता येतं."

"मग झालं तर." आणि त्यांनी मला फळीवरून काढून दोघींच्या समोर ठेवले.

थोरलीने माझी सूची उघडली. तिने 'मुकी' शोधले. नव्हते. 'बहिरी' शोधले. तेही नव्हते. "यात आमच्यासारख्यांची नोंदच नाही," ती पुटपुटली.

"नोंद आहे," डिंकबाई म्हणाल्या. "पण या पुस्तकाला माणूस कसा आहे ते ठाऊक नसतं. तो न्यायालयात कशासाठी आलाय, तेवढंच ठाऊक असतं. तुमची बहीण इथे कोण म्हणून आली आहे?"

थोरली पुन्हा सूचीवर वाकली. मग तिचे बोट सूचीवरून खाली सरकले. 'सरतपास', 'साक्ष', 'साक्षीदार'. आणि त्याखाली, आत सरकवलेल्या लहान अक्षरांत, 'बोलू न शकणारा'.

माझे ते पान तिने उघडले. शाळकरी मुलीसारखे अक्षर अक्षर लावत ती वाचू लागली. 'जो साक्षीदार बोलू शकत नाही, तो आपली साक्ष लिहून अथवा खुणांद्वारे, खुल्या न्यायालयात देऊ शकेल. आणि अशा रीतीने दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच समजली जाईल.'

तिने ते एकदा वाचले. पुन्हा वाचले. मग बहिणीचा हात धरून तिचे बोट त्या ओळीवर ठेवले. आपल्या ओठांना हात लावला, नंतर धाकटीच्या दोन्ही हातांना लावला, आणि दोन तळवे एकमेकांशी जुळवून सारखे धरले. तोंड आणि हात, एकच.

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मग ती हसली. तिला हसताना थोडा आवाज येई, आणि तो किती मोठा आहे हे तिला कळत नसे. त्या शांत खोलीत तो चांगलाच मोठा वाटला. पण कोणी 'शू' केले नाही, मित्रांनो. मला वाटले, मला छापल्याचे सार्थक झाले.

पण इतक्यात हुरळून जाऊन कसे चालेल? पुढच्या तारखेला न्यायालयाच्या यादीवरचे दुभाषे आले. गृहस्थ फार सज्जन होते. बहिऱ्यांच्या शाळेत शिकवली जाणारी खुणांची भाषा त्यांना उत्तम येत होती. त्यांनी धाकटीला परोपरीने विचारून पाहिले. पण तिची भाषा शाळेची नव्हतीच. ती घरात आणि भट्टीपुढे तयार झालेली. शेवटी ते हात जोडून न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, बाई भरभरून सांगताहेत, पण मला कळत नाहीये. अंदाजानं सांगितलं तर पाप लागेल."

थोरली पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी तिला दुभाष्याचा नियम हवा होता, आणि तो तिने स्वतःच काढला. 'दुभाषा हा न्यायालयाच्या यादीतील, आणि उभय पक्षांपैकी कोणाशीही नाते नसलेला असावा...' तिथपर्यंत वाचून तिने मला मिटले. हळूच मिटले, पण मला त्या हातांतला हिसका कळला.

"संपलं," ती म्हणाली. "यादीतल्याला तिचं कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांना मनाई. सख्खी बहीण असणं हा माझा गुन्हा झाला."

धाकटी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. नुसता निराशेचा तो रडवेपणा नव्हता. इतकी वर्षे बहिणीचा शब्द आपल्या जिभेवरून गेला, आणि आता कोणी तरी म्हणत होते की बाई, तू जरा बाजूला हो. ते तिला लागले होते.

डिंकबाई उठून टेबलाजवळ आल्या. अर्थ सांगायची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी एवढेच विचारले, "वाक्य संपलं होतं का?"

"म्हणजे?"

"पूर्णविराम आला होता का? बघा बरं."

थोरलीने पदराने डोळे पुसले आणि मला परत उघडले. 'असावा' या शब्दापुढे पूर्णविराम नव्हता. छापील टिंबाचा शाईने केलेला अर्धविराम होता. आणि अर्धविरामाच्या शेजारी, घडी घातलेली एक चिठ्ठी डिंकाने चिकटलेली होती. तिने ती उलगडली.

'परंतु, साक्षीदाराच्या खुणा घरातील अथवा कामाच्या ठिकाणच्या असतील, आणि यादीतील दुभाष्यास त्या समजत नसतील, तर त्या खुणा जाणणाऱ्या व नात्यात नसलेल्या अन्य व्यक्तीस, शपथ देऊन, न्यायालय दुभाषा म्हणून नेमू शकेल.'

अशा 'परंतु'ला आमच्यात परंतुक म्हणतात. नियमाचे दार बंद होता होता त्यात जे पाय अडकवून ठेवते ना, ते परंतुक. माणसे घाईत असली की तिथवर पोचतच नाहीत.

थोरली चिठ्ठीकडे बघत राहिली. ते 'नात्यात नसलेल्या' तिने मनातल्या मनात वाचले असावे, कारण तिचे ओठ हलले. मग तिने एक सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "बरं. मी नाही तर मी नाही. तिला जवळून ओळखणारं आणखी एक माणूस आहे. पण ते बोलायला तयार होतील तेव्हा खरं!"

बेकरीचे मालक म्हणजे भट्टीवाले काका. भट्टीच्या धगीपुढे आणि यंत्राच्या आवाजात तोंडाने बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून तिथे सगळेच हातांनी बोलत. धाकटीबरोबर काका वर्षानुवर्षे असे बोलले होते. तोंडाने मात्र ते दिवसाकाठी मोजके शब्द खर्च करीत, तेही बहुधा पाव करपला तरच.

त्या तारखेला मी स्वतः न्यायालयात हजर होतो. झाले असे की थोरलीने काकांचे नाव सुचवताच दिराचे वकील उठले. "हरकत आहे, साहेब. दुभाषा यादीतलाच असावा, असा नियम आहे," असे म्हणून त्यांनी आपल्याजवळच्या प्रतीतून तो वाचून दाखवला. त्यांच्या प्रतीत 'असावा' या शब्दापुढे पूर्णविराम होता.

थोरली उभी राहिली. तिची बोबडी वळली होती, हे मला नंतर कळले. "साहेब, खालच्या पुस्तकात तिथं पूर्णविराम नाही."

न्यायाधीश म्हणाले, "मलाही अंधुक आठवतं खरं. पण आठवणीवर कोणाचं भलंबुरं ठरवू नये. वाचनालयातली प्रत मागवा."

शिपायाने मला बगलेत मारले आणि जिने चढून वर आणले. न्यायाधीशांनी पान पाहिले आणि मला वकिलांपुढे सरकवले. "तुम्हीच मोठ्यानं वाचा."

वकिलांनी चिठ्ठी उलगडली. ते दिलदार माणूस होते. खणखणीत आवाजात त्यांनी परंतुक शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, "माझी प्रत या दुरुस्तीच्या आधीची निघाली, साहेब. हरकत मागे घेतो." आणि खाली बसता बसता त्यांनी आपल्या प्रतीत पेन्सिलीने काहीतरी टिपून घेतले.

भट्टीवाले काकांनी शपथ घेतली. धाकटी साक्षीदाराच्या जागी उभी राहिली. थोरलीला मागच्या बाकावर बसायला सांगितले होते. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, चुकून एखादी खूण होऊ नये म्हणून.

आधी साधे प्रश्न झाले. ती कुठे राहते, काम काय करते, मुलीला कोण सांभाळील. धाकटीचे हात भराभर चालत होते आणि काका आपल्या परीने सांगत होते. "ती म्हणते, मालक... म्हणजे मी... मी तिला पहाटेची पाळी दिलीय. पोर उठायच्या आत ती घरी. घरात दिवा बसवलाय, पोर हलली की लागतो, म्हणजे तिला बघून कळतं. आणि... हे जरा अवघड आहे, साहेब. ती म्हणते, आच मंद ठेवली तर पाव नीट फुगतो. म्हणजे, घाई केली नाही तर सगळं होतं."

न्यायालयात खसखस पिकली. न्यायाधीशही मिशीत हसले. मग ते गंभीर झाले. "आता त्यांना विचारा, दवाखान्यात दिराला त्यांनी कोणती खूण केली होती? तशीच करून दाखवा म्हणावं."

काकांनी खुणेने विचारले. धाकटीने एकदा दिराकडे पाहिले. मग तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, जणू त्यावर काही ठेवले आहे, आणि ते लांब, पुढे सरकवले. अगदी दिराच्या दिशेने. क्षणभर हात तिथेच थांबले. मग तिने छातीवर बोट टेकवले, आणि तेच हात हळूहळू मागे, आपल्या पोटापाशी ओढून घेतले.

भट्टीवाले काका न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, ही आमच्या भट्टीतली खूण आहे. तिथला प्रत्येक माणूस ती दिवसभर करतो. ट्रे आत सरकवला, असा पहिला भाग. 'काढायला मीच येईन', असा दुसरा. आमच्याकडं रीतच आहे, ज्यानं आत ठेवलं, त्यानंच बाहेर काढायचं. दुसऱ्यावर सोडून कोणी जात नाही. जाईल कसा? करपेल ना!"

दिराचे वकील उलटतपासासाठी उठू लागले. पण त्यांच्या कोटाची बाही कोणी तरी धरली होती. दीर स्वतः उभा राहिला होता.

"साहेब, मला एक सांगायचंय."

"तुमच्या वकिलांशी बोलून घ्या आधी."

"नको, साहेब. मला शपथ द्या." आणि शपथ घेऊन तो साक्षीदाराच्या जागेपाशी आला, वहिनीच्या समोर. "त्या दिवशी माझ्या हातात पोर होती. दादा जाऊन महिना झाला नव्हता आणि वहिनी तशा पडलेल्या. त्यांनी हात पुढं केले आणि मला भरून आलं. पोरीसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी पाठ फिरवली. मला एवढंच दिसलं, साहेब." त्याने आपले दोन हात पुढे केले आणि तसेच ठेवले. "पुढचं मी आज बघितलं."

मागे बसलेल्या त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. धाकटीला ऐकू आले नव्हते, पण दिराचे ते अधांतरी थांबलेले हात तिने पाहिले. ती जागची हलली, तिने त्याचे हात आपल्या हातांनी धरले आणि अर्धी राहिलेली खूण पुरी करावी तसे ते त्याच्याच छातीकडे नेऊन ठेवले. काकांनी भाषांतर केले नाही. त्यांना कोणी विचारलेही नाही.

निकाल मला वाचनालयात कळला. दोघी बहिणी सांगायला आल्या, बरोबर गरम पावांची पुडी आणि ठिपकी. मुलगी आईकडे, आणि दर सुटीला दीर-जावेकडे, असे ठरले होते. जावेने आणखी एक गोष्ट मागितली होती, ती निकालात नव्हती. तिला त्या खुणा शिकायच्या होत्या. थोरली म्हणाली, "आता रोज संध्याकाळी शिकवते मी तिला. फार हळू आहे हो तिचा हात! पण शिकेल."

न्यायाधीशांनी माझ्याविषयी काय म्हटले, ते शिपायाने रंगवून सांगितले: "म्हणाले, ही प्रत कोणी राखलीय? असं पुस्तक हवं!" डिंकबाई एवढ्या लाजल्या की त्यांनी डिंकाच्या बाटलीचे झाकण लावले.

मित्रांनो, सुखाचे दिवस सरतात तसे माझेही सरले. डिंकबाई निवृत्त झाल्या. टेबलावर संगणक आले, आणि नियम पडद्यावर दिसू लागले. नवा नियमसंच निघाला. मला खालच्या फळीवर ठेवले, तिथून कपाटामागे, आणि पुढे एका डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली. मला ओल लागली. पोटातल्या काही चिठ्ठ्या सुटल्या आणि वाळवीला मेजवानी झाली. धूळ एवढी साचली की माझा लाल रंग कोणाला ओळखू येईना.

एकदा नव्या ग्रंथपालांनी कोणाला तरी नवा नियम वाचून दाखवला, तो मी खालून ऐकला. आता साक्षीदाराला समजेल असा दुभाषा शोधून देणे हे न्यायालयाचेच काम होते. त्यासाठी कोणा थोरलीला रडत सूची धुंडाळावी लागणार नव्हती. माझ्यातला नियम आता रद्द झाला होता. खरे सांगू? मला वाईट वाटले नाही. आपल्याहून चांगला नियम आल्यामुळे आपण जुने व्हावे, यात ग्रंथाला कसला कमीपणा?

मग परवा कपाट हलवले. शिपायाने मला बाहेर ओढले, फडक्याने पुसले आणि थेट न्यायालयात नेले. मला वाटले, कोणी माझे पान मागितले की काय! पण तसे नव्हते. साक्षीदाराच्या खुर्चीवर एक इवलीशी मुलगी बसली होती. शेजारच्या घराला आग कशी लागली ते तिने खिडकीतून पाहिले होते. पण खुर्ची मोठी आणि ती लहान. माइक तिच्या कपाळाच्याही वर येत होता. आवाज पोचत नव्हता आणि बिचारी घाबरून गेली होती.

मला खुर्चीवर ठेवले. मुलगी संकोचली. "पुस्तकावर बसायचं नसतं. आमच्या बाई रागावतात."

न्यायाधीश बाई पुढे वाकून म्हणाल्या, "तुझ्या बाई बरोबर सांगतात. पण आज या पुस्तकाची काही हरकत नाही."

खरेच नव्हती.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. पुस्तकाचे पान कापू नका. ते तुमच्या मागून येणाऱ्या कोणा घाबरलेल्या माणसाचे असते. नियम वाचाल तेव्हा तो कोणत्या तारखेचा आहे ते बघा, आणि पूर्णविराम येईपर्यंत थांबू नका. आणि कोणी काही सांगत असेल, तोंडाने असो वा हातांनी, तर मध्येच पाठ फिरवू नका.

मुलगी माझ्यावर बसली. तिचे वजन ते काय, चिमणीएवढे. तिचे पाय लोंबकळत होते आणि टाचा माझ्या कण्यावर हळूहळू आपटत होत्या. मग माइक तिच्या ओठांशी आला, टाचा थांबल्या, आणि ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी सांगते. मी स्वतः पाहिलंय."